मैलामागे दोन सेंट

ऑरेगन हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य. त्याच्या किनाऱ्याकडच्या भागात पाऊस भरपूर. शंभर वर्षांपूर्वी तिथे मोटार घेणाऱ्याने पावसाळ्यात ती चिखलातून ओढून काढायची तयारी ठेवायलाच हवी होती. 'ऑरेगनला चिखलातून बाहेर काढा' ही तिथली त्या काळची लोकप्रिय घोषणा. पण घोषणेने रस्ता होत नाही, त्याला खडी लागते आणि खडीला पैसे लागतात. १९१९ च्या फेब्रुवारीत तिथल्या विधिमंडळाने त्यावर तोड काढली: पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनवर एक सेंट कर घ्यायचा आणि तो रस्त्यांवर खर्च करायचा. असा कर बसवणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. ही युक्ती इतरांना इतकी पसंत पडली की १९२९ पर्यंत त्या वेळच्या सगळ्या ४८ राज्यांनी ती उचलली.

याच ऑरेगनने १ जुलै २०१५ ला आपल्याच युक्तीला पर्याय सुरू केला. त्याचं नाव 'ओरेगो'. ज्याला हवं त्याने नाव नोंदवायचं आणि किती पेट्रोल जाळलं यावर कर न देता किती मैल गाडी चालवली यावर द्यायचा. सुरुवातीचा दर मैलाला दीड सेंट होता, २०२४ पासून दोन सेंट झाला. आपल्या हिशेबात किलोमीटरला साधारण एक रुपया. विजेचं बिल युनिटवर येतं, तसं रस्त्याचं बिल किलोमीटरवर. ऐकायला सरळ वाटतं. मग ज्या राज्याने पेट्रोलकर अमेरिकेला शिकवला, त्याच राज्याला हे पटवताना घाम का फुटला? ते समजून घ्यायचं तर आधी जुन्या कराचे गुण पाहायला हवेत.

पेट्रोलवरचा कर हा खजिन्याच्या दृष्टीने फार गुणी कर आहे. तो गाडीवाल्याकडे मागायला जावं लागत नाही. राज्यात गाड्या लाखोंनी असल्या तरी सरकारी दप्तरात कर भरणारे म्हणून नोंद असते ती मूठभर घाऊक विक्रेत्यांची. त्यांच्याकडून रक्कम आली की काम संपलं. गोळा करायचा खर्च साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला पंपावर फक्त लिटरचा किंवा गॅलनचा भाव दिसतो, त्यातला कर किती आणि तेल किती हे तो विचारत बसत नाही. ऑरेगनच्या बहुतेक भागात तर २०२३ पर्यंत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायलाही कायद्याने बंदी होती. आपल्याकडच्यासारखाच पंपावरचा माणूस नळी लावायचा. म्हणजे गाडीवाल्याने काच खाली करायची, पैसे द्यायचे आणि निघायचं. कर भरला हे त्याच्या गावीही नसायचं.

शिवाय त्यात बऱ्यापैकी न्यायही होता. जो जास्त फिरतो तो जास्त पेट्रोल जाळतो, ज्याची गाडी अवजड ती जास्त पिते, आणि ज्याच्याकडे गाडीच नाही त्याला काही द्यावं लागत नाही. सगळ्या गाड्यांचं ॲव्हरेज थोड्याफार फरकाने सारखंच होतं, तोवर पेट्रोल मोजणं आणि रस्त्याचा वापर मोजणं यात फार अंतर नव्हतं.

ते अंतर वाढलं, आणि तेही दोन बाजूंनी. एक तर हा कर टक्केवारीत नाही, गॅलनला इतके सेंट असा ठोक आहे. महागाई वाढली तरी तो आपोआप वाढत नाही. वाढवायचा तर कुणीतरी सभागृहात उठून 'पेट्रोल महाग करू या' म्हणायला हवं. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा पेट्रोलकर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच आहे. त्यानंतरच्या तीस वर्षांत तिथले भाव दुपटीहून जास्त झाले, म्हणजे त्या सेंटांत येणारी खडी निम्म्याहून कमी झाली. महामार्गांसाठी १९५६ साली स्वतंत्र निधी उभारला होता, तो आपल्या पायावर उभा राहावा म्हणून. २००८ पासून त्यात सर्वसाधारण तिजोरीतून वेळोवेळी भर टाकावी लागते आहे.

दुसरी बाजू ॲव्हरेजची. गाड्या सुधारल्या, हायब्रिड आल्या, मग विजेच्या आल्या. रस्ता झिजायचा तो झिजतोच, पण पंपावरची विक्री कमी. ऑरेगनच्या लोकांना हे इतरांच्या आधी दिसलं. विजेची गाडी अजून हौशी लोकांचं खूळ होतं तेव्हा, २००१ साली, तिथल्या विधिमंडळाने एक समिती नेमली आणि पेट्रोलकराला पर्याय शोधायला सांगितलं. ही दूरदृष्टी मला फार कौतुकाची वाटते. खड्डा पडण्याआधी बुजवायची तयारी करणारं सरकार क्वचितच पाहायला मिळतं.

पहिला प्रयोग २००६-०७ मध्ये पोर्टलंड शहरात झाला. सुमारे तीनशे गाड्यांत उपग्रहावरून अंतर मोजणारी यंत्रं बसवली आणि दोन पेट्रोल पंप निवडले. गाडी पंपावर आली की यंत्र रेडिओलहरींनी पंपाला मैल कळवायचं, पंप बिलातून २४ सेंटांचा पेट्रोलकर वजा करायचा आणि मैलाला १.२ सेंट या दराने नवा कर लावायचा. काही गाड्यांना गर्दीच्या वेळी शहराच्या गजबजलेल्या भागात जास्त दर लावून पाहिला, तर त्यांचं त्या वेळेतलं फिरणं सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झालं. यंत्रणा चालली. पण एक अडचण होती. ज्या विजेच्या गाडीसाठी हा सगळा खटाटोप करायचा, ती पंपावर येणारच नाही!

लोकांची तक्रार वेगळी होती. सरकारने गाडीत डबा बसवायचा आणि आपण कुठे कुठे जातो ते बघायचं, हे कुणालाच रुचलं नाही. म्हणून २०१२-१३ च्या दुसऱ्या प्रयोगात, ज्यात काही आमदारांनीही आपल्या गाड्या दिल्या, निवड गाडीवाल्यावर सोडली. उपग्रहाचं यंत्र हवं तर घ्या, नको असेल तर फक्त मैल मोजणारं घ्या. हिशेब सरकारी खात्याकडे नको असेल तर खासगी कंपनीकडे ठेवा. २०१३ साली कायदा झाला तेव्हा त्यात हेही घातलं की प्रवास कुठे झाला याची माहिती हिशेब चुकता झाल्यावर ३० दिवसांत नष्ट करायची. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेशी बोलून ही कलमं ठरली.

आजचं यंत्र हातात मावेल एवढं आहे. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या पोटात, एक खाच असते. गॅरेजवाला स्कॅनर जोडून इंजिनाची कुंडली वाचतो ती हीच. त्यात हे यंत्र खोचलं की ते मैल मोजतं, आणि जळालेलं पेट्रोलही. ठरावीक मुदतीने मैलांचा कर काढला जातो, पंपावर आधीच भरलेला पेट्रोलकर त्यातून वजा होतो, उरेल ते द्यायचं किंवा घ्यायचं. उपग्रहाचं यंत्र असेल तर राज्याबाहेरचे आणि खासगी रस्त्यांवरचे मैल वगळले जातात. साधं यंत्र असेल तर शेजारच्या राज्यात सुट्टीला गेलात त्याचेही मैल ऑरेगनच्या खात्यात. म्हणजे खासगीपणा हवा तर थोडे पैसे जास्त मोजा. हा सौदा सगळ्यांनाच पटेल असं नाही, पण निदान तो समोर मांडलेला आहे.

आता जरा आकडेमोड करून पाहू, कारण या विषयावरचे बरेचसे गैरसमज आकड्यांपाशीच विरतात. ऑरेगनने मैलाचा दर पेट्रोलकराच्या पाच टक्के ठेवला आहे. पेट्रोलकर गॅलनला ४० सेंट, म्हणून मैलाला दोन सेंट. याचा अर्थ असा की गॅलनला २० मैल देणारी गाडी जुन्या आणि नव्या करात सारखीच राहते. वर्षाला १२,००० मैल चालवली तर तिला ६०० गॅलन लागतील, पेट्रोलकर २४० डॉलर. मैलाच्या हिशेबानेही २४० डॉलरच. गॅलनला ५० मैल देणारी हायब्रिड घ्या: २४० गॅलन, पेट्रोलकर ९६ डॉलर, मैलाच्या हिशेबाने मात्र २४०. विजेची गाडी शून्यावरून एकदम २४० वर. आणि गॅलनला १५ मैल देणारा जुना पिकअप ट्रक? त्याला ८०० गॅलन लागतात, तो पंपावर ३२० डॉलर कर भरतो. मैलाच्या हिशेबाने तो ८० डॉलर कमी देईल.

इथे दोन गोष्टी लक्षात येतात. एक, 'हा खेड्यापाड्यातल्या लोकांवर अन्याय आहे, त्यांना लांब लांब जावं लागतं' हा सगळ्यात मोठ्याने होणारा आक्षेप तितकासा खरा नाही. लांब जावं लागतं हे खरं, पण खेड्यातला माणूस बहुधा जुना, पेट्रोल ढोसणारा पिकअप चालवतो. तो आजच मैलामागे शहरातल्या हायब्रिडवाल्यापेक्षा कितीतरी जास्त देतो आहे, फक्त त्याला ते दिसत नाही. दोन, आणि ही खरी बोचणारी गोष्ट, मैलाचा कर पर्यावरणाच्या बाजूने बोलत नाही. धूर ओकणाऱ्याला सूट आणि स्वच्छ गाडीला बिल, असं त्याचं रूप दिसतं. पर्यावरणवाले यावर चिडले तर नवल नाही. मला वाटतं, एकाच कराकडून रस्त्याचा खर्चही काढायचा आणि हवाही स्वच्छ करायची, ही अपेक्षाच मुळात चुकते. धुराचा दंड पेट्रोलवर राहू द्यावा, रस्त्याचं भाडं किलोमीटरवर घ्यावं. दोन वेगळी बिलं, दोन वेगळी कारणं. पेट्रोलकर पुरता काढून टाकायची घाई त्यामुळेच मला पटत नाही.

कुणी म्हणेल, मग चार्जिंगच्या विजेवर कर लावा की. मैल मोजायची भानगडच नको. पण गाडी घरी चार्ज होते, त्याच मीटरवर फ्रिज आणि गिझर. रस्त्याचा कर गिझरवर कसा लावणार? वेगळा मीटर सक्तीचा केला तरी छपरावर सोलर पॅनेल असणाऱ्याचं काय? पेट्रोल घरी काढता येत नाही, वीज येते. म्हणून अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांनी सोपी वाट धरली: विजेच्या गाडीला नोंदणीच्या वेळी वर्षाला ठोक रक्कम. टेक्सासमध्ये ती २०२३ पासून २०० डॉलर आहे, नवी गाडी असेल तर सुरुवातीला ४००. वसुली सोपी, पण आठवड्यातून एकदा देवळात आणि बाजारात जाणारी आजी आणि रोज शंभर मैल पळणारा सेल्समन यांना एकच बिल. पेट्रोलकरात जो जेमतेम न्याय होता तोही यात उरत नाही.

'ओरेगो'चं पुढे काय झालं? कायद्याने ५,००० गाड्यांची मर्यादा घातली होती. ती कधी भरलीच नाही. लोक नाव का नोंदवतील? ज्यांना नव्या हिशेबात जास्त द्यावं लागतं ते आपणहून येणार नाहीत, आणि ज्यांना परतावा मिळतो त्यांना खासगी कंपनीचा डबा गाडीत खोचायचा कंटाळा. विजेच्या गाड्यांना नोंदणी शुल्कात सवलत देऊन काही जणांना ओढलं, तेवढंच. कर भरणं ऐच्छिक ठेवलं की काय होतं, याचा हा धडा आहे. वसुलीचा खर्चही आडवा येतो. पेट्रोलकर मूठभर विक्रेत्यांकडून येतो. मैलाचा कर एकेका गाडीकडून, महिन्याला पंधरा-वीस डॉलर, त्यात मधल्या कंपनीचा वाटा. एक टक्क्यात गोळा होणाऱ्या करापुढे हे प्रकरण महागच पडणार.

आता जरा न्यूझीलंडकडे वळू, कारण तिथे हा कर प्रयोग म्हणून नाही, रोजच्या व्यवहाराचा भाग म्हणून १९७८ पासून चालू आहे. तिथे डिझेलवर पेट्रोलसारखा रस्तेकर नाही. कारण शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, मासेमारीची बोट, जनरेटर, सगळे डिझेलवर चालतात आणि रस्त्यावर येत नाहीत. त्यांच्या डिझेलवर रस्त्याचा कर कशाला? म्हणून डिझेलच्या गाड्यांना किलोमीटर आगाऊ विकत घ्यावे लागतात, हजाराच्या पटीत. गाडी ४५,००० किलोमीटर चालली आहे, तुम्ही ५,००० घेतले, की ४५,००० ते ५०,००० असं छापलेली चिठ्ठी मिळते. ती पुढच्या काचेला लावायची. पोलिसाने काचेतून चिठ्ठी बघायची आणि डॅशबोर्डवरचा आकडा बघायचा. ५०,२०० दिसला तर चोरी पकडली. पोस्टात, गाडी तपासणी केंद्रावर किंवा घरबसल्या चिठ्ठी मिळते. उपग्रह नाही, डबा नाही, कुठे गेलात याची कुणाला फिकीर नाही. गाडीच्या नियमित तपासणीत आकड्याची नोंद होतच असते, त्यामुळे मीटर मागे फिरवणारा पुढेमागे सापडतोच. अवजड ट्रकांना मात्र चाकाच्या आसाला वेगळं मापक लावावं लागतं.

हलक्या डिझेल गाडीला हजार किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर हा दर. विजेच्या गाड्यांना २००९ पासून माफी होती. ती वेळोवेळी वाढवली, पण प्रत्येक वेळी शेवटची तारीख कायद्यात लिहिलेली असे. ३१ मार्च २०२४ ला ती संपली आणि दुसऱ्या दिवसापासून विजेच्या गाड्याही ७६ डॉलर देऊ लागल्या. प्लगने चार्ज होणाऱ्या हायब्रिडला ३८, कारण ती पेट्रोलवरही कर देते. यात एक विचित्र तिढा उरला. साधी पेट्रोल-हायब्रिड हजार किलोमीटरला चाळीस-पन्नास लिटर पेट्रोल घेते आणि त्यावर तीस-चाळीस डॉलर कर देते. म्हणजे विजेच्या गाडीपेक्षा निम्मा! स्वच्छ गाडी महाग, कमी स्वच्छ गाडी स्वस्त. हा तिढा सोडवायचा तर पेट्रोलच्या गाड्यांनाही किलोमीटरवर आणायला हवं, आणि न्यूझीलंड सरकारने २०२५ मध्ये तोच इरादा जाहीर केला.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची गोष्ट जरा गमतीची आहे, निदान वकिलांसाठी. त्यांनी १ जुलै २०२१ पासून विजेच्या गाड्यांना किलोमीटरला अडीच सेंट लावले. पद्धत साधी: गाडीवाल्याने मीटरचा फोटो काढून पाठवायचा. पण मीटरला राज्याची हद्द कळत नाही. शेजारच्या राज्यात किंवा स्वतःच्या शेतात गाडी फिरवली तरी तिथलेही किलोमीटर बिलात. दोन गाडीमालक थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ ऑक्टोबर २०२३ ला सात न्यायाधीशांपैकी चार जणांनी सांगितलं की मालाच्या वापरावरचा असा कर म्हणजे अबकारीच, आणि तो बसवायचा अधिकार राज्यघटनेने फक्त केंद्राला दिला आहे. कर रद्द झाला. तंत्र सोपं होतं, हिशेब सोपा होता, गाडी अडली ती अधिकाराच्या प्रश्नावर. संघराज्य असलेल्या कुठल्याही देशाने, म्हणजे आपणही, ही गोष्ट नीट वाचून ठेवावी.

या सगळ्यात एक मोठा प्रश्न बहुतेकदा बाजूला पडतो: रस्ता नेमका कोण झिजवतो? १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून वेगवेगळ्या वजनाचे ट्रक रात्रंदिवस फिरवले आणि रस्ता कसा मोडतो ते मोजलं. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही अभियंते वापरतात: एका आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सोळा पट होते, म्हणजे चौथ्या घाताने वाढते. साध्या कारच्या आसावर पाऊण टन भार धरा आणि भरलेल्या ट्रकच्या आसावर दहा टन. भाराचं गुणोत्तर साधारण तेरा, झीज तीस हजार पटींच्या आसपास! 'विजेच्या गाड्या बॅटरीमुळे जड असतात, त्या रस्ते खराब करतात' असं जे हल्ली ऐकू येतं, त्याचाही निकाल इथेच लागतो. कार पाव पटीने जड झाली तर तिची झीज अडीच पट झाली असं धरा, तरी ट्रकपुढे ती नगण्यच. कारने पैसे द्यायचे ते रस्त्यावरची जागा, पूल, दिवे, दुरुस्ती आणि गर्दी यांच्यासाठी. डांबर फोडायचा मुख्य मान ट्रकचाच.

आणि इथे ऑरेगन पुन्हा पुढे आहे. तिथे २६,००० पौंडांहून, म्हणजे पावणेबारा टनांहून, जड ट्रक डिझेलकर भरतच नाहीत. ते विसाव्या शतकाच्या मध्यापासून वजन आणि मैल दोन्हींच्या हिशेबाने कर भरतात. एका मर्यादेपुढे आस जास्त तर दर कमी, कारण भार वाटला जातो. हलक्या आणि जड गाड्यांनी आपापला रास्त वाटाच उचलावा असं राज्यघटनेत लिहिलेलं आहे, आणि त्यासाठी दर दोन वर्षांनी हिशेब मांडला जातो. अलीकडच्या हिशेबात ट्रकवाले वाजवीपेक्षा जास्त देत असल्याचं निघालं, तेव्हा त्यांची संघटना २०२४ मध्ये कोर्टात गेली. हिशेब मांडलेला होता म्हणून तर भांडता आलं. जर्मनीत २००५ पासून आणि स्वित्झर्लंडमध्ये २००१ पासून अवजड वाहनांना अंतराचा कर आहे आणि तो आता अंगवळणी पडला आहे. उलट फ्रान्सने २०१३ साली ट्रकांवर असा कर आणायचं ठरवलं, तर ब्रिटनी प्रांतातल्या लाल टोप्या घातलेल्या आंदोलकांनी रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांच्या कमानी जाळल्या आणि सरकारने माघार घेतली.

नवे येणारे देश-प्रदेश साधेपणाकडे झुकताना दिसतात. हवाईत २०२५ पासून विजेच्या गाड्यांना हजार मैलांना ८ डॉलर, वार्षिक तपासणीत मीटरचा आकडा बघून, आणि वर्षाला ५० डॉलरची कमाल मर्यादा. २०२८ पर्यंत ज्याला नको त्याने सरळ ५० डॉलर ठोक भरावेत. ब्रिटनने नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं की एप्रिल २०२८ पासून विजेच्या गाड्या मैलाला तीन पेन्स देतील. वर्षाच्या सुरुवातीला अंदाज सांगायचा आणि नंतर मीटरशी ताळा घालायचा. उपग्रहाच्या नादी कुणी लागलेलं नाही. वेळेनुसार, जागेनुसार दर बदलायचा असेल, सिंगापूरसारखं गर्दीचं भाडं घ्यायचं असेल, तर यंत्र लागेलच. नुसता रस्त्याचा खर्च भागवायचा तर डॅशबोर्डवरचा आकडा पुरतो.

आपल्याकडे याचा संबंध काय? किलोमीटरवर पैसे देणं महाराष्ट्राला नवं नाही. समृद्धी महामार्गावर तुम्ही कुठे चढलात आणि कुठे उतरलात यावर टोल ठरतो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला तेव्हा कारला किलोमीटरला १.७३ रुपये दर होता. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय महामार्गांच्या नियमांत उपग्रहाने अंतर मोजून टोल घ्यायची तरतूद केली, त्यात दिवसाचे पहिले २० किलोमीटर मोफत. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये खात्याने खुलासा केला की अशी पद्धत देशभर लागू करायचं ठरलेलं नाही, आणि १५ ऑगस्टपासून कारसाठी ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पास आला. म्हणजे अंतराकडे निघालेली गाडी पुन्हा ठोक रकमेकडे वळली.

त्याच वर्षीच्या महाराष्ट्राच्या विद्युत वाहन धोरणात विजेच्या कार आणि बस यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांवर टोल माफ केला गेला. नोंदणीच्या वेळच्या मोटार वाहन करातही सूट. आज ते बरोबरच आहे. गाड्या थोड्या आहेत, लोकांना त्यांच्याकडे वळवायचं आहे. पण आपल्याकडे इंधनावरचा कर फक्त रस्त्यांसाठी नाही. पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर आहे, त्यावरच्या व्हॅटमधून राज्याचे पगार, पेन्शन, योजना, सगळं काही चालतं. पंप रिकामे होत गेले तर भोक रस्त्यांच्या निधीला नाही, राज्याच्या तिजोरीलाच पडेल, आणि ते अमेरिकेतल्या भोकापेक्षा मोठं असेल.

ऑरेगनला २००१ साली जे कळलं आणि वीस वर्षं सगळ्यांसाठी राबवता आलं नाही, त्याचं कारण तंत्रज्ञान नव्हतं. फुकटची सवय मोडणं अवघड असतं, आणि सवय जडलेल्या माणसांची संख्या वाढली की ते जवळपास अशक्य होतं. न्यूझीलंडला ते जमलं कारण माफी देतानाच ती कधी संपणार हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. महाराष्ट्रानेही तेवढंच करावं: विजेच्या गाड्यांची टोलमाफी आणि करमाफी खुशाल द्यावी, पण तिची शेवटची तारीख आणि त्यानंतरचा किलोमीटरचा दर आजच जाहीर करावा, म्हणजे गाडी घेणारा दोन्ही बाजूंचा हिशेब करूनच शोरूममध्ये पाय ठेवेल. आणि पुढे कधी किलोमीटर मोजायची वेळ आलीच, तर पासिंगच्या वेळी मीटरचा आकडा बघावा, ट्रकला वजन लावावं, आणि आपण कुठे गेलो होतो हे सरकारने विचारू नये.